पीकविमा, घरविमा, दुकानविमा: पाऊस बदलल्यावर हप्त्याचं आणि भरपाईचं काय होतंय?

सीनाकाठ
२० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१५

गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. मी नोकरीपायी पुण्यात, शेती भाऊ आणि वडील बघतात. सप्टेंबरात आमच्याकडे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, पुन्हा सांगत बसत नाही. सोयाबीन काढणीला आलेलं होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. नदीकडच्या पट्ट्यातली काळी माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. तिथे आता काय पेरायचं हा वेगळाच प्रश्न.

धागा काढलाय तो विम्यासाठी. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा होता. यंदा तो बंद झाला. पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. भावाने भरला. शेतात पाणी शिरल्यावर नेहमीप्रमाणे ७२ तासांच्या आत कंपनीला नुकसानीची पूर्वसूचना द्यायला गेला, तर स्थानिक आपत्तीची भरपाई यंदापासून योजनेतच नाही म्हणे. आता जे काही मिळेल ते महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून काढलेल्या सरासरीवर.

म्हणजे खिशातून जास्त गेले आणि ज्या कारणांसाठी विमा काढतात ती कारणंच गळाली. चुलतभाऊ म्हणतो ही सरकारची चलाखी. ऑफिसातला एकजण आधी विमा कंपनीत होता, तो म्हणतो जगभर हेच चाललंय, हवामान बिघडलं की विमा महागतो आणि आखडतो. दोघांचंही थोडंथोडं खरं वाटतं. जाणकारांनी उलगडून सांगावं. घर, दुकान, गाडी, परदेश, कुठलाही अनुभव चालेल.

---

बांधावरचा
२० नोव्हेंबर, रात्री १०:०२

भाऊ, वाचून वाईट वाटलं. मातीचं नुकसान पीकविम्यात कधीच नव्हतं, आजही नाही. त्यासाठी सरकारच्या मदतीकडेच बघावं लागतं.

योजनेबद्दल. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. शेतकऱ्याचा हप्ता तेव्हापासून २, दीड आणि ५ टक्केच आहे. कंपनी निविदेत जो खरा दर लावते तो याच्या कितीतरी पट असतो आणि मधला फरक केंद्र व राज्य निम्मा निम्मा भरतात. आपल्याकडे २०२३ साली शेतकऱ्याचा वाटाही राज्याने उचलला, नावाला एक रुपया ठेवला. त्या खरिपात १ कोटी ७० लाखांच्या आसपास अर्ज आले. त्यात देवस्थानच्या, सरकारी, अगदी बिगरशेती जमिनींवरचेही अर्ज निघाले.

यंदा चार गोष्टी एकदम वगळल्या: पेरणीच न होणं, हंगामाच्या मध्यातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतर शेतात पडलेल्या पिकाचं नुकसान. राहिली ती फक्त उत्पादनावर आधारित भरपाई. आणि नेमकं यंदाच सप्टेंबरात मराठवाडा बुडाला. वगळलेल्या चारांतल्या निदान दोन त्या दिवसांत लागू झाल्या असत्या.

मग सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज काढलं. इथे माझी खरी तक्रार आहे. विम्यात वाचवलेला पैसा पॅकेजमध्ये गेला असं फार तर म्हणता येईल. पण विम्याची भरपाई करारातली असते, ती नाकारली तर दाद मागता येते. पॅकेजचे निकष मंत्रिमंडळ ठरवतं, त्यात दाद कुठे मागणार?

---

खडूस
२० नोव्हेंबर, रात्री १०:४०

सगळं हवामानबदलावर ढकलण्याची फॅशन आहे. बोगस अर्ज हवामानाने केले का? पुण्यात ओढे बुजवून सोसायट्या उभ्या राहिल्या त्या काय समुद्राचं तापमान वाढलं म्हणून? गाड्या महागल्या, सिमेंट महागलं, मजुरी वाढली. नुकसान रुपयांत मोजलं की आकडा वाढणारच. विमा कंपन्यांना हप्ता वाढवायला एक सोज्वळ कारण मिळालंय इतकंच.

---

हिशोबी
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

खडूस यांचा अर्धा मुद्दा मला मान्य. मी बरीच वर्षं पुनर्विम्याच्या, म्हणजे विमा कंपन्यांच्या विम्याच्या, धंद्यात काढली. नुकसानीचे आकडे वाढण्यात घरांची संख्या, त्यांच्या किमती आणि ती बांधलेल्या जागा यांचा वाटा मोठाच असतो. पण मूळ प्रश्न पिकाचा आहे. सोयाबीन महाग झालं म्हणून काही त्याला झाडावर कोंब येत नाहीत.

मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचंय, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही. ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू करणारी वरची चार कारणं, काढले, हप्ता वाढला, हे सगळ्यांना दिसतं. पण उत्पादनावर आधारित जी भरपाई शिल्लक राहिली आहे, तीही दरवर्षी आतून पोकळ होत चालली आहे. तीही कुणी न काढता.

भरपाई कधी मिळते? तुमच्या मंडळाचं यंदाचं सरासरी उत्पादन 'उंबरठा उत्पादना'च्या खाली गेलं तर. आणि उंबरठा कसा काढतात? मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचं. आपल्याकडे तो ७० टक्के असतो.

आकडे घेऊन बघू. हे काल्पनिक आहेत, कुठल्या मंडळाचे नाहीत. समजा सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असं: १४, १३, ६, १२, ११, ५, १०. चांगली पाच म्हणजे १४, १३, १२, ११, १०. सरासरी १२. त्याचे ७० टक्के ८.४. हा उंबरठा. आठव्या वर्षी ७ क्विंटल पिकलं, तर तूट १.४ ची. भरपाई विमा रकमेच्या सुमारे १७ टक्के. हेक्टरी ५० हजारांचा विमा असेल तर ८ हजारांच्या वर.

आता दोन वर्षं पुढे जा. १४ आणि १३ ही जुनी चांगली वर्षं यादीतून गळाली, त्यांच्या जागी ७ आणि ८ आली. नवी यादी: ६, १२, ११, ५, १०, ७, ८. चांगली पाच: १२, ११, १०, ८, ७. सरासरी ९.६, उंबरठा ६.७. यंदा पुन्हा ७ क्विंटल पिकलं तर भरपाई शून्य. शेतकरी तोच, पीक तेच, नुकसान तेवढंच. तरी कागदावर 'नुकसान नाही'.

वाईट वर्ष एखादं असतं तेव्हा हे सूत्र चांगलं चालतं, कारण सातातली दोन सर्वांत वाईट वर्षं ते सोडूनच देतं. सातात दोनच वाईट वर्षं येतील असं सूत्र करणाऱ्यांनी धरलं होतं. तिसरं वाईट वर्ष आलं की ते 'चांगल्या पाचां'त जाऊन बसतं आणि उंबरठा खाली ओढतं. चौथं आलं की विषयच संपला. पाऊस एकदाच बिघडून सुधारणार असेल तर विमा उपयोगाचा. तो बिघडलेलाच राहणार असेल, तर विमा त्या बिघडलेल्यालाच सरासरी मानायला लागतो.

मला तरी ट्रिगर वगळण्यापेक्षा हे जास्त गंभीर वाटतं. ट्रिगर एका शासन निर्णयाने परत येऊ शकतात. पिकाची सरासरी शासन निर्णयाने परत येत नाही.

---

सीनाकाठ
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

हिशोबी, हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग दोन टक्के कशाचे भरले?

---

हिशोबी
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

भावाला सांगा, ते दोन टक्के म्हणजे खऱ्या हप्त्याचा एक तुकडा आहे.

खरा हप्ता किती होतो ते बघा. २०२० मध्ये केंद्राने आपल्या वाट्याला मर्यादा घातली. जिरायती क्षेत्रात विम्याचा दर ३० टक्क्यांवर गेला आणि बागायतीत २५ टक्क्यांवर, तर त्यापुढच्या दराला केंद्र हात लावणार नाही, राज्याने बघावं. अशी अट घालावी लागते याचाच अर्थ काही जिल्ह्यांत दर तिथवर पोचत होते. शंभर रुपयांच्या पिकाच्या विम्याला तीस रुपये हप्ता!

राज्यांनी मग काय केलं? बिहार २०१८ मध्ये बाहेर पडलं, पश्चिम बंगाल २०१९ मध्ये. २०२० मध्ये गुजरातने निविदांतले दर बघून स्वतःची मदत योजना आणली. आंध्र आणि झारखंडही बाहेर पडले होते, ते नंतर परत आले. कंपन्यांनीही तेच केलं. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी निविदा भरायला कुणी तयार होईना. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनी आली तीही अट घालून. गोळा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतच्या भरपाईची जबाबदारी कंपनीची, त्यावरची राज्याची. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनी स्वतःला २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करणार. हाच 'बीड पॅटर्न'.

पॅटर्न वाईट नाही, कंपनीच्या अफाट नफ्याला त्याने चाप बसला. पण मोठी आपत्ती आली की जोखीम सरकारच्या, म्हणजे करदात्याच्या अंगावर, हेही त्यातच लिहिलेलं आहे.

---

देवगडचो भाचो
२१ नोव्हेंबर, दुपारी १:१०

आंब्याचं सांगतो. आमच्याकडे उत्पादन मोजत नाहीत, हवामान मोजतात. हवामान आधारित फळपीक विमा. मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं. ठरलेल्या काळात अवेळी पाऊस झाला, किमान तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशाखाली गेलं किंवा कमाल वर गेलं, की आपोआप पैसे. पंचनामा नाही, पूर्वसूचना नाही. कागदावर याच्याइतकी सुंदर योजना नाही.

आता बागेत या. केंद्र सड्यावर, म्हणजे पठारावर, उघड्या जागी. आमची कलमं खाडीच्या उतारावर. तिथला वारा वेगळा, धुकं वेगळं, दुपारचा उन्हाळाही वेगळा. केंद्रावर तापमान अर्ध्या अंशाने कमी भरलं तर मंडळातल्या सगळ्या बागांचं शून्य. माझ्या मामाच्या बागेत सुपारीएवढी फळं पिवळी पडून खाली सडा झालेला, आणि केंद्राच्या नोंदीप्रमाणे सगळं आलबेल.

दुसरी गोष्ट तारखांची. हप्ता भरताना कोण विचार करतो? विम्याचं संरक्षण मेच्या मध्याला संपतं. का, तर त्यानंतर पाऊस येतो तोवर आंबा उतरून होतो, हा पूर्वीचा हिशोब. पण आता पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो, पालवी फुटते, मोहर उशिरा येतो, म्हणजे फळही उशिरा. गेल्या मे महिन्यात काय झालं आठवा. विसाव्या तारखेपासून कोकणात धो धो पाऊस, २६ मेला तर मुंबईत मान्सून दाखल. इतक्या लवकर मुंबईत तो कधी आला नव्हता. झाडावरचा शेवटचा आंबा भिजला, साका झाला (आतला गर बिघडला), फळमाशी लागली. विमा? मुदत संपलेली. झाडाने आपलं वेळापत्रक बदललं, पॉलिसीने नाही.

---

खडूस
२१ नोव्हेंबर, दुपारी १:४५

ही तारखांची गोष्ट पटली. पण मग मुदत ३१ मेपर्यंत करा म्हणा. कंपनी काय म्हणेल?

---

हिशोबी
२१ नोव्हेंबर, दुपारी २:००

म्हणेल, करतो की. हप्ता एवढा एवढा होईल. मेअखेरचा पाऊस पंधरा वर्षांतून एकदा यायचा तेव्हा तो पंधरवडा जवळपास फुकटात जोडता आला असता. आता महाग पडेल.

---

चिपळूणची लेक
२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

दुकानाचं मी सांगते. आमचं कापडाचं दुकान, बाजारपेठेत. २२ जुलै २०२१. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आमच्या वरच्या घाटातलं पाणी आमच्याकडेच येतं. २००५ ची खूण भिंतीवर होती. लोक म्हणत होते त्याच्यावर जाणार नाही. गेलं.

विमा होता. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी मालाचा विमा सक्तीचा असतो, तो बँकेनेच काढून दिलेला. त्यात पूर धरलेला होता. आता यात कुठे अडतं ते नीट वाचा, कारण आमच्या ओळीतल्या बहुतेक दुकानांना हेच भोवलं.

कोकणात कापडाचा माल सर्वांत जास्त कधी असतो? गणपतीच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये. मुंबईकर यायच्या आत दुकान भरलेलं लागतं. म्हणजे जेव्हा पाऊस जास्त तेव्हाच माल जास्त. आणि विम्याची रक्कम ठरते बँकेच्या मर्यादेवर, वर्षभरासाठी एकच. समजा दुकानात ४० लाखांचा माल आहे आणि विमा २५ लाखांचा. तुम्हाला वाटेल २५ लाख तरी मिळतील. पण २० लाखांचा माल खराब झाला तर हिशोब विम्याच्या प्रमाणात होतो, २० गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे साडेबारा लाख. त्यातून पुराची वजावट (नुकसानीचा आपण सोसायचा भाग), त्यातून ओल्या मालाचं भंगार म्हणून जे येईल ते वजा.

सर्वेक्षक आला तेव्हा पहिली मागणी बिलांची. बिलबुकं गल्ल्याखालच्या कपाटात होती, त्यांचा लगदा झालेला. दोन गोष्टींनी वाचवलं. जीएसटीचे विवरण पोर्टलवर होते, आणि सुरत व इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांनी बिलांच्या प्रती पुन्हा पाठवल्या. तरी सर्वेक्षक विचारतो, हा माल पुराच्या दिवशी दुकानातच होता, विकला गेला नव्हता, हे कशावरून?

पैसे आले, उशिरा आले, अपेक्षेपेक्षा कमी आले. पुढच्या नूतनीकरणाला हप्ता चांगलाच वाढला आणि पुरासाठीची वजावटही वाढली. आता कंपनी जूनच्या आधी दुकानाचे फोटो मागते. आम्ही खालचे दोन खण पावसाळाभर रिकामे ठेवतो, महागाचा माल पोटमाळ्यावर. गणपतीच्या आधी विम्याची रक्कम तीन महिन्यांपुरती वाढवून घेतो. हे करता येतं, फक्त मागावं लागतं.

कामाची माहिती: १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर. त्यात विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी वरची कपात करत नाहीत. घरासाठी तशीच 'भारत गृह रक्षा'. त्यात घरातलं सामानही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलेलं असतं. तुमच्याकडे जुन्या नावाची पॉलिसी असेल तर एजंटला विचारा.

---

खडूस
२१ नोव्हेंबर, रात्री ८:१५

ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून बोलतो. वाशिष्ठीत गाळ किती साठला होता? कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल त्याच नदीत येतं. नदीपात्रालगत बांधकामं किती? हा सगळा पाऊस नव्हे.

---

चिपळूणची लेक
२१ नोव्हेंबर, रात्री ८:५०

दादा, गाळासाठी इथल्या लोकांनी उपोषण केलं, मग पात्र उपसायला सुरुवात झाली. आम्हाला कुणी शिकवायला नको. पण गाळ काढला म्हणून कंपनीने हप्ता कमी केलेला नाही. ते पिनकोड बघतात आणि मागचे दावे बघतात. गाळ काढणं हा खर्च नगरपालिकेचा आणि सरकारचा, फायदा पुढच्या पुरात, आणि हप्ता आजच भरायचा. शिवाय निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्यापासून रेषेच्या आतल्या जुन्या बाजारपेठेचं काय करायचं हे अजून कुणी धड सांगत नाही. दुरुस्तीची परवानगी अवघड, दुकान विकायला काढलं तर भाव नाही, विमा महाग. जायचं कुठे?

---

टेकडीपार
२२ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या पूर्वेला टेकड्यांमध्ये राहतो. इथे पूर नाही, वणवा. पण 'जायचं कुठे' हा प्रश्न ओळखीचा आहे.

इथे घराचा विमा दरवर्षी नवा होतो आणि कंपनी ठरवून नूतनीकरण नाकारू शकते. ७५ दिवस आधी पत्र द्यावं लागतं, बस. मे २०२३ मध्ये राज्यातली सर्वांत मोठी कंपनी स्टेट फार्म हिने नवीन घरविमा घेणं थांबवलं. पुढच्या वर्षी तिने सुमारे ७२ हजार पॉलिसी नूतनीकरण न करण्याचं जाहीर केलं. नाकारलेल्यांसाठी 'फेअर प्लॅन' नावाचा शेवटचा आसरा आहे. तो सरकारी नाही, राज्यात धंदा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून चालवायचा असतो. महाग, आणि मुख्यतः आगीपुरता. पाइप फुटला, चोरी झाली, यासाठी वेगळी पॉलिसी जोडावी लागते. गृहकर्ज असेल तर विमा नसणं चालतच नाही, बँक स्वतःच महागडा विमा गळ्यात मारते.

यंदा जानेवारीत लॉस एंजेलिसला आगी लागल्या आणि फेअर प्लॅनचे पैसे पुरले नाहीत. फेब्रुवारीत त्याने सदस्य कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर मागितले. त्यातला निम्मा बोजा कंपन्यांना ग्राहकांवर टाकता येतो. म्हणजे समुद्रकिनारी राहणाऱ्याने, ज्याच्या आसपास जंगलच नाही, त्यानेही तो भरायचा.

आमच्या गल्लीत त्यामुळे काय बदललं सांगतो. भिंतीपासून पाच फुटांत काहीही पेटणारं नको, असा आता आग्रह आहे. लोकांनी खिडक्यांखालचा लाकडाच्या सालींचा थर उपसून खडी टाकली. छताच्या वायुविजनाच्या तोंडांना बारीक जाळी बसवली, कारण घर ज्वाळेपेक्षा उडत्या ठिणग्यांनी जास्त पेटतं. शेजारच्या आजींनी पस्तीस वर्षांचं ज्युनिपरचं झुडूप कापलं. नियमाप्रमाणे अशा कामांसाठी कंपनीने सूट दाखवायला हवी. सूट असते, पण मूळ दर वाढलेला असतो, म्हणून बिल कमी झालेलं काही दिसत नाही.

खडूस यांच्यासाठी: इथेही हवामान हे एकच कारण नाही. १९८८ च्या जनमताने दरवाढीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, आणि भविष्यातल्या वणव्यांचा अंदाज करणारी गणितं दरात वापरायला बरीच वर्षं बंदी होती. दर दाबले गेले, मग कंपन्या पळाल्या. आता अंदाज वापरायची परवानगी मिळाली आहे, त्या बदल्यात वणव्याच्या भागात विमा देण्याची अट आहे. दर वाढताहेत.

---

बांधावरचा
२२ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

कॅलिफोर्नियाचा श्रीमंत माणूस आणि परंड्याचा शेतकरी एकाच रांगेत. फरक एवढाच की तिकडे पत्र ७५ दिवस आधी येतं.

---

घोडबंदर
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

मधेच घुसतो. जुलैत सोसायटीच्या तळघरात पाणी भरलं, गाडी बुडाली नाही पण दारापर्यंत आलं. एजंट म्हणतो इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं जादा संरक्षण) घ्या. घ्यावं का?

---

हिशोबी
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

तळघरात गाडी लावत असाल तर घ्याच. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान येतं, पण पाण्यातली गाडी सुरू केली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि आतले भाग वाकले, तर ते 'नंतर ओढवलेलं' नुकसान म्हणून नाकारतात. म्हणून पाणी शिरलेली गाडी कधीही चालू करून बघायची नाही. चावी काढा, शक्य असेल तर बॅटरी सोडवा, फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या.

आता पुनर्विम्याचा मुद्दा. खडूस यांनी विचारलेला नाही, पण विचारतील. आपली विमा कंपनी मोठ्या आपत्तीची जोखीम पुढे दुसऱ्या कंपनीकडे सोपवते. आपल्याकडे जीआयसी री आहे, मुंबईतच, आणि प्रत्येक पॉलिसीचा ४ टक्के हिस्सा तिला देणं बंधनकारक आहे. बाकीचा स्विस री, म्युनिक री वगैरेंकडे. हे करार आपल्याकडे १ एप्रिलला नवे होतात. स्विस रीच्याच आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगभरातल्या नैसर्गिक आपत्तींचं विमा असलेलं नुकसान १३७ अब्ज डॉलर झालं, आणि सलग पाचव्या वर्षी आकडा १०० अब्जांच्या वर राहिला. झुरिकमध्ये दर ठरवताना फ्लोरिडाचं वादळ आणि चिपळूणचा पूर एकाच वहीत लिहिलेले असतात. आपल्या वाट्याची वाढ लहान असते पण येते.

आणि ताईंच्या 'जायचं कुठे' वर. ब्रिटनने २०१६ मध्ये 'फ्लड री' काढलं. पूरप्रवण घरांचा पुराचा भाग तिकडे ठरलेल्या माफक दराने सोपवता येतो, तोटा सगळ्या घरविमा कंपन्यांच्या वर्गणीतून. दोन अटी मला आवडतात. २००९ नंतर बांधलेली घरं त्यात नाहीत, म्हणजे पूररेषेत नवं बांधणाऱ्याला आधार नाही. आणि योजना २०३९ ला बंद होणार, तोवर घरं, नाले, बांध सुधारा. आपल्याकडे जुन्या बाजारपेठांसाठी असं काही करणं अशक्य नाही. पण त्यासाठी मुळात विमा काढलेली घरं हवीत. कोल्हापूर-सांगलीला २०१९ आणि २०२१ मध्ये जी घरं बुडाली त्यांतल्या किती जणांनी घरविम्याचं नाव तरी ऐकलं होतं?

---

शेवंती
२२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

उन्हाचाही विमा निघालाय, कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. 'सेवा' या असंघटित महिलांच्या संघटनेने तो केला. २०२३ मध्ये गुजरातपासून सुरुवात झाली, २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि राजस्थान धरून ५० हजार बायकांपर्यंत. भाजीवाल्या, मिठागरातल्या, बांधकामावरच्या. तापमान ठरलेल्या पातळीवर गेलं की थेट खात्यात पैसे, कारण त्या दिवशी काम बंद ठेवावं लागतं. रक्कम लहान, काही शे रुपयांपासून. पण हप्त्याचा मोठा भाग देणग्यांतून आला होता. मला भीती हीच वाटते. ऊन दरवर्षीच त्या पातळीवर जाणार असेल तर हा विमा राहील की दरवर्षीचा भत्ता होईल? भत्ता हवा असेल तर सरळ भत्ता द्यावा, मध्ये कंपनी कशाला?

---

देवगडचो भाचो
२२ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

शेवंतीताई, आमच्या आंब्यालाही हाच प्रश्न लागू.

---

खडूस
२२ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

हिशोबी यांचं सात वर्षांचं गणित मी स्वतः एक्सेलमध्ये करून बघितलं. बरोबर आहे. मग उपाय एकच, उंबरठा सरासरीवर न ठेवता त्या मंडळाच्या उत्पादनक्षमतेवर ठेवा. निदान जोखीमस्तर ७० चा ८० करा, नियमात ती सोय आहे. हप्ता वाढेल, पण निदान विमा विम्यासारखा होईल. आणि ओढे मोकळे करा, हे मी म्हणतच राहणार.

---

बांधावरचा
२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

एक बातमी: केंद्राने याच आठवड्यात जाहीर केलंय की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भातशेतीत पाणी साचून झालेलं नुकसान स्थानिक आपत्तीत धरता येईल. भात पूर्वी होतंच, २०१८ मध्ये काढलं होतं. आपलं राज्य ते लागू करतंय का ते बघायचं. सोयाबीनचा त्यात उल्लेख नाही.

---

सीनाकाठ
२२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. भावाशी बोलणं झालं. मंडळातले कापणी प्रयोग झालेत, आकडे तालुक्याला मागायचे ठरलंय. प्रयोगाच्या वेळी पंचनाम्यावर सह्या कुणाच्या आहेत तेही बघणार.

आता प्रश्न रब्बीचा. वरच्या रानात हरभरा पेरलाय. विमा भरावा की नाही? भावाचं मन नाही.

---

बांधावरचा
२२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

भरा. दीड टक्का आहे, आणि हरभऱ्याचा उंबरठा सोयाबीनइतका घसरलेला असेलच असं नाही, मंडळाचा आकडा कृषी सहायकाकडून घ्या. हरभऱ्याची शेवटची तारीख १५ डिसेंबर, ज्वारीची ३० नोव्हेंबर. शेतकरी ओळख क्रमांक लागेल आणि ई-पीक पाहणीत हरभराच नोंदवलेला हवा. सातबारावर एक आणि अर्जात दुसरं पीक असेल तर अर्ज तिथेच बाद होतो. मुरूम उघडा पडलेला पट्टा अर्जात धरू नका. पेरलेलंच नाही त्याचा हप्ता भरून उपयोग नाही.